दूध सोडायचे आहे? आधी स्वयंपाकघर तयार करा

चहा, दही, तूप, खरवस, पंचामृत... मराठी घरात दूध कुठे नाही? तरीही ते आहारातून वगळायचे असेल, तर पर्याय आहेत. काही बाजारात मिळतात, बरेचसे आपल्याच परंपरेत आहेत. मात्र एका जीवनसत्त्वाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

मराठी घराची सकाळ दुधाच्या पिशवीने होते. ती उशिरा आली की चहा उशिरा, मुलांची शाळा उशिरा आणि सासूबाईंची पूजाही उशिरा. अशा घरात एके दिवशी मुलगी किंवा सूनबाई जाहीर करते, ‘आजपासून मी दूध, दही, तूप घेणार नाही.’ मग जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. मांसाहार सोडणाऱ्याचे आपल्याकडे कौतुक होते. दूध सोडणाऱ्याकडे मात्र ‘हिला काय झाले?’ अशा नजरेने पाहिले जाते.

आजीला काळजी हाडांची, आईला रक्ताची, तर वडिलांना खर्चाची. यातली एकही काळजी खोटी नाही. म्हणूनच या विषयाकडे नवे फॅड म्हणून नाक मुरडून पाहू नये किंवा भाबडेपणाने त्याच्या आहारीही जाऊ नये. स्वयंपाकघरात उभे राहून, वाटी-चमच्याच्या हिशेबाने तो समजून घेतला पाहिजे.

पुणे ते श्रीपेरुंबुदूर

मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर करीत दक्षिणेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ बेंगळुरूमार्गे चेन्नईला पोहोचतो. चेन्नईच्या अलीकडे सुमारे ४० किलोमीटरवर याच रस्त्यावर श्रीपेरुंबुदूर लागते. परंपरेनुसार १०१७ मध्ये रामानुजाचार्यांचा जन्म झाला, ते हे गाव. १९९१ च्या मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाल्यावर त्याचे नाव देशभर पोहोचले. पुढे १९९८ पासून जवळच्या इरुंगाट्टुकोट्टै येथे ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि देवळाचे गाव कारखान्यांचे गाव झाले. पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करारही ह्युंदाईने २०२३ मध्ये केला. वाहन उद्योगात नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाला चाकण-तळेगावहून श्रीपेरुंबुदूर-ओरगडमला बिऱ्हाड हलवावे लागले, तर त्यात नवल नाही.

नव्या गावात घर लावताना गृहिणीला सगळेच नव्याने शोधावे लागते. अशा वेळी घरात कोणी दूध सोडण्याचा निर्णय घेतला असेल, तर ते संकट वाटते. पण खरे सांगायचे तर या प्रयोगाला श्रीपेरुंबुदूरइतकी सोयीची जागा शोधूनही सापडणार नाही. तिथे तीन स्वयंपाकघरे शेजारी शेजारी नांदतात. एक तामिळ, दुसरे कारखान्यांबरोबर आलेले कोरियन आणि तिसरे आपले मराठी. तिन्हींत दुधाविना होणारे कितीतरी पदार्थ आहेत.

‘व्हीगन’ म्हणजे काय?

प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न खाणारा तो व्हीगन. म्हणजे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर आणि मधही नाही. हा शब्द १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. विचार मात्र आपल्याकडे त्याआधीच येऊन गेला होता. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडले. गायी-म्हशींचे दूध जास्त निघावे म्हणून केल्या जाणाऱ्या ‘फुका’ या क्रूर प्रकाराची माहिती कळल्यावर दूध न पिण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला. पुढे मोठ्या आजारपणानंतर अशक्तपणा हटेना. तेव्हा कस्तुरबांनी सुचविल्यावरून १९१९ मध्ये त्यांनी शेळीचे दूध घेण्यास सुरुवात केली. व्रताचे शब्द पाळले गेले, पण त्यामागील भावना मोडली, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदविली आहे. दूध सोडण्यामागची तळमळ आणि ते सोडताना शरीराकडे दुर्लक्ष झाल्यास येणारी अडचण, या दोन्ही बाजू या एकाच प्रसंगात दिसतात.

महाराष्ट्रातही हा विषय नवा नाही. पुण्याची ‘ब्युटी विदाउट क्रुएल्टी’ ही संस्था १९७४ पासून प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करीत आहे. तामिळनाडूत ऑरोविलमध्ये राहून काम करणाऱ्या डॉ. नंदिता शहा यांची ‘शरण’ ही संस्था वनस्पतीजन्य आहाराचा प्रसार करते. डॉ. शहा यांना २०१६ सालचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला आहे.

लोक दूध का सोडतात?

पहिले कारण भूतदयेचे. गाय-म्हैस व्यायली तरच दूध देते. पूर्वी गोऱ्हा मोठा होऊन नांगराला, गाडीला जुंपला जाई. ट्रॅक्टर आल्यावर त्याचे काम संपले. रेड्याचा उपयोग तर त्याहून कमी. मग त्या वासरांचे आणि आटलेल्या जनावरांचे पुढे काय होते, हा प्रश्न दूध सोडणाऱ्यांना छळतो.

दुसरे कारण पोटाचे. दुधातील लॅक्टोज ही साखर पचविण्यासाठी लागणारे लॅक्टेज हे पाचकद्रव्य अनेकांच्या शरीरात मोठेपणी कमी होते. मग दूध प्यायल्यावर पोट फुगणे, गुरगुरणे, जुलाब होणे असा त्रास होतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तपासलेल्या दक्षिण भारतीयांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना लॅक्टोज पचत नसल्याचे आढळले होते. उत्तर भारतीयांत हे प्रमाण चौथ्या हिश्श्याहून थोडेच अधिक होते. अशा अनेकांना दही-ताक चालते, कारण विरजणात लॅक्टोज काही प्रमाणात कमी होते. दुधाची अ‍ॅलर्जी ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ती दुधातील प्रथिनांची असते आणि गंभीर ठरू शकते. तिथे ‘थोडेसे चालेल’ म्हणून चालत नाही.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. १९७० ते १९९६ या काळातील दूधमहापूर योजनेने भारताला जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश केले. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३.९ कोटी टन दूध झाले. कोल्हापूर-सांगलीकडे किंवा दुष्काळी मराठवाड्यात पीक गेले तरी दुधाच्या पैशावर घर चालते. दोन म्हशींवर मुलांना शिकविणाऱ्या बाईला ‘तुझा धंदा क्रूर आहे’ असे सुनावणे सोपे असते, शोभणारे नसते. दूध सोडणे हा आपला निर्णय असावा, दुसऱ्यावरचा आरोप नसावा.

तीन स्वयंपाकघरांतले दूध

आता पर्यायांकडे वळू. तामिळमध्ये दुधाला ‘पाल’ म्हणतात आणि नारळाच्या दुधाला ‘तेंगाय पाल’. इडियप्पम किंवा आप्पम हे नारळाच्या दुधाबरोबर खाण्याची तिथे जुनी पद्धत आहे. मदुराईचे ‘परुत्ति पाल’ तर ऐकूनच नवल वाटेल. ते सरकीचे दूध! भिजवून वाटलेल्या सरकीचे दूध काढून त्यात गूळ, सुंठ, नारळ घालून गरम गरम विकतात. कॉफीचेही तसेच. फिल्टर कॉफी दुधाविना अडते, पण ‘सुक्कु काप्पी’ म्हणजे सुंठ आणि ताडगुळाची काळी कॉफी दुधाची वाटच पाहत नाही. इडली, साधा डोसा, सांबार, रसम्, सुंडल आणि तिळाच्या तेलातला चिंचेचा पुळियोदरै भात हे सारे मुळातच दुधाविना होणारे. फक्त उपाहारगृहात वरून तूप पडते. म्हणून दोन तामिळ शब्द पाठ करून ठेवा. ‘नेय् वेंडाम’ म्हणजे तूप नको आणि ‘तयिर वेंडाम’ म्हणजे दही नको. शेजारच्या अम्मांकडून आणखी चार शब्द आपोआप शिकाल.

कोरियन लोकांच्या आहारात सोयाबीनचे स्थान मोठे. त्यांचे ‘दुबू’ म्हणजे आपण टोफू म्हणतो ते सोयाचे पनीर. उन्हाळ्यात ते गार सोया दुधात शेवया घालून खातात, त्याला ‘कोंगुक्सू’ म्हणतात. श्रीपेरुंबुदूर आणि चेन्नईत कोरियन वस्तीमुळे त्यांची वाणसामानाची दुकाने व उपाहारगृहे आहेत. तिथे टोफू सहज मिळतो.

आणि मराठी स्वयंपाकघर? कोकणात नारळाच्या रसाबरोबर शिरवाळे आणि खापरोळी खातात, तेव्हा कोणालाच दुधाची आठवण येत नाही. सोलकढी, गोव्याचे मणगणे, पातोळ्या, नारळाच्या दुधातली गव्हाची खीर हे सगळे याच वाटेवरचे. देशावर पिठले-भाकरी, झुणका, कुळथाचे शेंगोळे, दाण्याची आमटी, तीळकूट, भोगीची भाजी. थालीपिठावरचा लोण्याचा गोळा वगळला आणि दाण्याची ओली चटणी घेतली की झाले. सोयाबीन तर आपल्या मराठवाडा-विदर्भाचेच पीक. त्याचे तेल आपण खातो आणि पेंड बहुतेक जनावरांना जाते. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन आहारात घेण्याचे प्रयोग केले आणि ‘हरिजन’मधून त्याविषयी लिहिले. तो धागा आपण मध्येच सोडून दिला, एवढेच.

घरी सोया दूध असे करा

एक वाटी सोयाबीन रात्रभर भिजत घाला. सकाळी चोळून साले काढा आणि पाणी फेका. दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून गरम असतानाच गरम पाण्याबरोबर मिक्सरमध्ये बारीक वाटा. सोयाला येणारा कच्चट, उग्र वास टाळण्याची हीच युक्ती आहे, कारण तो वास निर्माण करणारे द्रव्य उष्णतेने निकामी होते. पातळ फडक्यातून गाळून एकूण सुमारे एक लिटर होईल इतके पाणी घाला. नंतर ढवळत १५ ते २० मिनिटे उकळा. ही पायरी गाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिने पचण्यात अडथळा आणणारे घटक असतात, ते उकळल्याने कमी होतात. उरलेला चोथा थालीपिठात किंवा वड्यांत घाला.

दही हवे असेल तर हे दूध कोमट करून त्यात हिरव्या मिरचीची चार-पाच देठे टाका आणि उबदार जागी आठ-दहा तास झाकून ठेवा. पहिले विरजण थोडे कमी-जास्त होईल. त्यातले चमचाभर घेऊन लावलेले दुसरे दही चांगले लागते. चेन्नईच्या उकाड्यात ते लवकर आंबते, म्हणून लागल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा. शेंगदाण्याच्या दुधाचेही दही होते. दाणे भिजवून, वाटून, गाळून दूध थोडे आटवायचे, मग तीच कृती. कढीला आणि कोशिंबिरीला ते उत्तम.

टोफू करायचा तर उकळत्या सोया दुधात लिंबाचा रस घाला, फाटले की फडक्यात बांधून वजन ठेवा. मटार-टोफू, टोफूची भुर्जी मुलेही आवडीने खातात. भाजीचा रस्सा दाट करायला सायीऐवजी भिजवलेले काजू किंवा मगजबी वाटून घाला.

चहाचे मात्र जपून. सोयाचे दूध उकळत्या चहात किंवा कडक डिकॉक्शनमध्ये ओतले की फाटते. चहा गाळून किंचित निवू द्या आणि गरम केलेले दूध शेवटी, हळूहळू घाला. नारळाचे दाट दूधही खळखळून उकळू नका, तेल सुटते.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे. त्यात दूध असू शकते. व्हीगन पदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र नियम केले. त्यांसाठीचे चिन्ह वेगळे असते, हिरवे ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर पान. बिस्किटे, पाव, चॉकलेट, सूपची पाकिटे यांत दूध लपलेले असते. ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसीन’, ‘बटर’ हे शब्द शोधा. घटकांच्या यादीजवळ अ‍ॅलर्जीची सूचना असते, तिथे दुधाचा उल्लेख आहे का तेही पाहा.

सोया, बदाम किंवा ओटच्या पेयावर ‘दूध’ असे छापलेले दिसणार नाही, ‘ड्रिंक’ किंवा ‘बेव्हरेज’ असे असेल. २०२१ मध्ये प्राधिकरणाने या बाबतीत कडक सूचना दिल्या. नारळाच्या दुधाला मात्र रूढ नाव म्हणून सूट आहे. ही तयार पेये पिशवीच्या दुधापेक्षा बरीच महाग पडतात आणि काहींत साखर भरपूर असते. बदामाच्या पेयात प्रथिने फारच थोडी असतात, त्यामुळे नुसते नाव वाचून मुलांच्या हातात ग्लास देऊ नका. बिनसाखरेचे, कॅल्शियम व बी-१२ मिसळलेले सोया पेय त्यातल्या त्यात उजवे. पाकीट वापरण्यापूर्वी हलवा, मिसळलेले कॅल्शियम तळाशी बसते.

हाडांचे काय?

आजीचा प्रश्न रास्तच आहे. २०० मिलिलिटर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. ते वनस्पतींतून मिळवायचे तर रोज आठवणीने खावे लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून १७५ मिळेल. तिळात १०० ग्रॅममागे १२०० मिलिग्रॅमहून जास्त असते. दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम तिळाची चटणी कागदावर तरी ग्लासभर दुधाच्या बरोबरीची. शेवग्याचा पाला, राजगिरा, कढीपत्ता हेही उपयोगी. तामिळनाडूत शेवग्याच्या पाल्याला ‘मुरुंगै कीरै’ म्हणतात आणि तो बाजारात सहज मिळतो. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातील ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. तिळातही थोडीफार तीच अडचण असल्याने एकाच पदार्थावर अवलंबून न राहता रोज दोन-तीन प्रकार खावेत. प्रथिनांसाठी डाळी, उसळी, शेंगदाणे आणि सोया रोजच्या जेवणात हवेतच.

खरा धोका: बी-१२

हा परिच्छेद घरातल्या सर्वांनी वाचावा. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. ते सोडले की तो आधारही जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गर्भवती माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दूध पिणाऱ्या आपल्या शाकाहारी समाजातही बी-१२ ची कमतरता किती मोठ्या प्रमाणावर आहे, हे त्यातून पुढे आले. म्हणजे आपण आधीच काठावर उभे आहोत.

थकवा, हातापायांना मुंग्या, तोंड येणे, विसराळूपणा, रक्तक्षय ही त्याची लक्षणे. ती सावकाश येतात, कारण यकृतात साठा असतो. त्यामुळे ‘दोन वर्षे झाली, मला काही झाले नाही’ हा पुरावा नव्हे. इडलीच्या आंबवण्यातून किंवा स्पिरुलिनातून बी-१२ मिळते, या समजावर विसंबू नका. दूध सोडणाऱ्याने रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२ ची गोळी नियमित घ्यावी. गोळी स्वस्त असते, मज्जातंतूंना झालेले नुकसान मात्र नेहमीच भरून येत नाही.

गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या मातांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बदल करू नये. एक वर्षाखालील बाळाला आईचे दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेले बालान्नच द्यावे. घरी केलेले सोयाचे, बदामाचे किंवा नारळाचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही.

एक महिना, चार पायऱ्या

एका दिवसात सगळे फेकून देऊ नका. पहिल्या आठवड्यात चहा-कॉफी बदला. आले-लिंबाचा कोरा चहा, सुक्कु काप्पी किंवा सोया दूध यांतले जिभेला रुचेल ते निवडा. दुसऱ्या आठवड्यात तुपाऐवजी तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल आणा. तामिळनाडूत घाण्याचे तिळाचे तेल, म्हणजे ‘नल्लेण्णै’, सहज मिळते. वरणभातावर त्याची धार थोडी अनोळखी लागते, पण मेतकुटाबरोबर जमून जाते. तिसऱ्या आठवड्यात दही लावायला शिका. चौथ्यात सणाची तयारी करा. तेलात मळलेल्या कणकेची पुरणपोळी नारळाच्या दुधाबरोबर, उकडीचे मोदक नारळाच्या दाट रसाबरोबर. बासुंदी आणि पेढ्याला मात्र तोडीस तोड पर्याय नाही. तो हट्ट धरण्यापेक्षा मणगणे करावे.

आणि घरची माणसे? सासूबाईंचे पंचामृत त्यांना करू द्या, तुमचा नैवेद्य गूळ-खोबऱ्याचा असू द्या. दूध सोडणाऱ्याने स्वतःचे दही स्वतः लावायला शिकावे, घरच्या गृहिणीवर दुसऱ्या स्वयंपाकाचा भार टाकू नये. इतरांनीही ‘एक दिवस खाल्लेस तर काय होते?’ असे म्हणून ताटात तूप वाढू नये. ताट वेगळे झाले तरी पंगत एकच राहू शकते. पुण्यातली आई फोनवर ‘हाडांचे काय?’ असे विचारील, तेव्हा नाचणीच्या भाकरीचा आणि तिळाच्या चटणीचा हिशेब सांगा. बी-१२ ची गोळी घेतल्याचेही सांगा. तिची निम्मी काळजी तिथेच मिटेल.